शोध कोणी लावला, एवढेच का विचारायचे?

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, आसपास गोव्यातल्या शाळांत विज्ञानाच्या प्रश्नमंजुषा रंगतात. पेडण्यापासून काणकोणपर्यंत सभागृहे भरतात, गट आपापल्या बाकांवर बसतात, बझर वाजवून पाहिले जातात आणि प्रश्न सुरू होतात. टेलिफोनचा शोध कोणी लावला? विजेचा दिवा कोणी तयार केला? पेनिसिलिन कोणाचे? शून्य कोणी दिले? संमोहनशास्त्राचा जनक कोण? मुले क्षणात उत्तरे देतात: बेल, एडिसन, फ्लेमिंग, आर्यभट, आबे फारिया. दहा-दहा गुण, टाळ्या, पुढची फेरी.

या पाचांपैकी एकही उत्तर पुरते खरे नाही, आणि शून्याचे तर सरळ चुकीचे आहे. आर्यभटांनी इ.स. ४९९च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात मोठ्या संख्या अक्षरांनी मांडल्या. शून्य हीसुद्धा एक संख्या आहे असे धरून तिची बेरीज, वजाबाकी, गुणाकार कसे करायचे याचे नियम इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी दिले. शून्याला शून्याने भागले तर शून्य येते असेही त्यांनी लिहिले, आणि तिथे ते अडखळले. ही अडखळसुद्धा मुलांना सांगण्यासारखी आहे. शून्याला संख्यांच्या पंगतीत बसवले की भागाकाराची अडचण येणारच होती, आणि ती नीट उलगडायला पुढच्या गणितींना शतके लागली. 'शून्याचा शोध कोणी लावला' असे विचारले की यातले काहीच हाती लागत नाही. हाती लागते ते एक नाव, तेही दुसऱ्याचेच.

प्रश्नमंजुषा बंद कराव्यात असे मी मुळीच म्हणत नाही. खेड्यातल्या शाळेच्या मुलांना चारचौघांत उभे राहून ठाम बोलायला लावणारे दुसरे इतके स्वस्त आणि आनंदाचे साधन आपल्याकडे नाही. साखळीची किंवा वाळपईची एखादी मुलगी शहरातल्या मोठ्या शाळांच्या गटांना मागे टाकते, तेव्हा तिच्या वाड्यावरची धाकटी मुले पुढच्या वर्षीची तयारी त्याच संध्याकाळी सुरू करतात. म्हणूनच त्या मुलीला काय विचारले जाते याची काळजी करायला हवी. एक माणूस आणि एक साल एवढ्यावर उभ्या असलेल्या प्रश्नांनी विज्ञानाचा इतिहास खोटा होतो. त्याहून वाईट म्हणजे विज्ञान कसे चालते याचीच चुकीची समजूत मुलांच्या मनात घट्ट बसते. शोध म्हणजे कुठल्यातरी लांबच्या देशात एका असामान्य माणसाला एका दिवशी सुचलेली गोष्ट, असे एकदा वाटू लागले की सत्तरी तालुक्यातल्या मुलाला त्यात स्वतःसाठी जागा दिसत नाही.

पेनिसिलिनचेच घेऊ. सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळात अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परतले. जंतू वाढवायला ठेवलेल्या एका बशीत बुरशी आली होती आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळून गेले होते. त्यांनी ते टिपले, त्या द्रव्याला नाव दिले, १९२९ मध्ये निबंधही छापला. इथवरची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण ते द्रव्य बुरशीच्या रसातून शुद्ध रूपात काढणे आणि टिकवणे फ्लेमिंगना जमले नाही, आणि विषय बराच काळ तसाच पडून राहिला. तो पुन्हा हातात घेतला तो ऑक्सफर्डच्या एका गटाने. हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली ही त्यातली मुख्य नावे. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले आणि त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी तेच चार जिवंत होते.

पण उंदरापेक्षा माणूस केवढा मोठा! त्याला पुरेल एवढे औषध काढायचे कुठून? युद्ध चालू होते, भांडी मिळत नव्हती. हीटलींनी रुग्णांच्या शौचपात्रांत बुरशी वाढवून पाहिली आणि त्याच धर्तीवर मातीची खास भांडी घडवून घेतली. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला हे औषध दिले गेले. तो मरणाच्या दारात होता, चार-पाच दिवसांत सुधारू लागला. औषध कमी पडत आले तेव्हा त्याच्याच लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्याला टोचले. तरीही साठा संपला आणि मार्चमध्ये तो गेला. पुढे अमेरिकेतल्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत मक्याच्या प्रक्रियेतून उरणाऱ्या पाण्यात बुरशी अधिक वाढते हे दिसले, बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर अधिक उत्पन्न देणारी जात मिळाली, आणि मग कुठे ते औषध लाखोंच्या हाती पोचले. १९४५चे नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळाले. हीटली मात्र बाहेर राहिले. ऑक्सफर्डने त्यांना सन्मानाची पदवी दिली ती १९९० मध्ये.

आता हा सगळा प्रवास समोर ठेवून प्रश्न विचारा: पेनिसिलिन दिसल्यापासून ते पहिल्या गंभीर रोग्याला टोचले जाईपर्यंत बारा वर्षे का गेली? उत्तर एका वाक्यात देता येते: ते शुद्ध करून पुरेशा प्रमाणात काढता येत नव्हते. हे उत्तर देणाऱ्या मुलाला फ्लेमिंगचे नाव माहीत असतेच. नुसते नाव सांगणाऱ्या मुलाला मात्र हे उत्तर माहीत असेलच असे नाही.

विजेच्या दिव्याची गोष्टही अशीच. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान त्याच वाटेवर एडिसनच्या आधीपासून चालत होते. तार जळून जाऊ नये म्हणून काचेच्या गोळ्यातली हवा जवळजवळ पूर्ण काढावी लागते, आणि तसा पंप हर्मान स्प्रेंगेल यांनी १८६५ मध्ये तयार करेपर्यंत कोणाचाच दिवा फार वेळ टिकला नव्हता. पंप मिळाल्यावर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर दिवे पेटले. टेलिफोनबद्दल एवढेच सांगतो की बेल आणि एलिशा ग्रे या दोघांची कागदपत्रे पेटंट कचेरीत एकाच दिवशी, १४ फेब्रुवारी १८७६ रोजी दाखल झाली, आणि अंतोनियो मेउच्ची यांनी त्याआधी १८७१ मध्येच आपल्या यंत्राची पूर्वसूचना नोंदवून ठेवली होती.

यावर प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांचे म्हणणे मी अनेकदा ऐकले आहे आणि ते हलके नाही. व्यासपीठावर तीस सेकंद असतात. उत्तर एकच हवे, नाहीतर पालक आणि शाळा भांडतात. नाव आणि साल तपासायला सोपे असते. शिवाय नावे पाठ असण्यात वाईट काय? नाव आठवले की त्याला धरून पुढची गोष्ट आठवते. हा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पाठांतराला नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. पाढे, श्लोक, नद्यांची नावे, शास्त्रज्ञांची नावे, सगळे पाठ असावे. पण पुढची गोष्ट कोणी कधी विचारतच नसेल तर नावे कोरडी पडून राहतात. आणि भांडणाचे म्हणाल तर जास्त भांडणे नावांच्याच प्रश्नांवर होतात. रेडिओचा शोध कोणाचा असे विचारून पाहा. एक गट मार्कोनी म्हणेल, दुसरा जगदीशचंद्र बोस, तिसरा टेस्ला, आणि तिघांकडेही पुरावे असतील. त्याऐवजी बोसांनी १८९५ मध्ये कोलकात्यात अदृश्य लहरी भिंतीपार पाठवून काय करून दाखवले असे विचारा. उत्तर ठरलेले आहे: लांबवरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. भांडायला जागाच नाही.

गोव्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. सरकारी प्राथमिक शाळेत मराठी किंवा कोकणीतून शिकलेली आपली बरीच मुले पाचवीला इंग्रजीत जातात. त्या वळणावर 'असे का होते' हे सांगणारी वाक्ये त्यांच्या तोंडून निघेनाशी होतात, कारण नव्या भाषेत ती अजून जुळत नाहीत. नावे मात्र कुठल्याही भाषेत तीच राहतात. म्हणून हुशार मूल नावांना बिलगते आणि शिक्षकही त्याला नावेच विचारतात, दोघांनाही ते सोयीचे पडते. पुढे नोकरभरतीच्या सामान्य ज्ञानाच्या पेपरात तेच प्रश्न, त्याच गाईडांतून, पुन्हा भेटतात. अशा रीतीने दहा-बारा वर्षे विज्ञान म्हणजे जोड्या लावा असाच संस्कार होत राहतो.

काही वर्षांपासून या प्रश्नांत गोव्याची नावे यावीत अशी मागणी होते आणि ती योग्यच आहे. आबे फारिया, दामोदर धर्मानंद कोसंबी, माशेलचे रघुनाथ माशेलकर, हडफड्याचे डॉ. आकासियु व्हिएगस, मांद्र्याचे भाऊ दाजी लाड: ही नावे आपल्या मुलांना माहीत हवीत. पण परक्या नावाच्या जागी आपले नाव ठेवले आणि प्रश्न तसाच राहिला, तर आपण काहीच कमावले नाही. फारियांच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसते.

कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेले जुझे कुस्तोदियु फारिया पॅरिसला पोचले तेव्हा तिथे मेस्मर यांच्या उपचारांचे वेड येऊन गेले होते. सगळ्या विश्वात एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि तो हाताच्या हालचालींनी रोग्याच्या अंगात सोडता येतो, असे मेस्मर सांगत. फ्रान्सच्या राजाने १७८४ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए होते. त्यांनी केलेला एक प्रयोग आजही वर्गात सांगावा असा आहे. पॅरिसजवळ पासी इथे फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या शिष्याने जर्दाळूच्या एका झाडात तो द्रव भरला. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून दुसऱ्याच झाडांपाशी एकामागून एक नेले. त्याला ते ठाऊक नव्हते. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला, आणि त्या झाडात काहीच भरलेले नव्हते! आयोगाने निष्कर्ष काढला की द्रव वगैरे काही नाही, जे घडते ते कल्पनेमुळे. एवढे म्हणून आयोगाने फाईल मिटवली.

फारिया तिथून पुढे गेले. १८१३ पासून पॅरिसमध्ये त्यांनी जाहीर प्रात्यक्षिके सुरू केली. समोरच्याला आरामात बसवायचे, लक्ष एकाग्र करायला लावायचे आणि ठाम आवाजात झोपायची आज्ञा द्यायची. काही जण झोपत, काही झोपत नसत. माझ्या अंगातून समोरच्याच्या अंगात काहीही जात नाही, हे ते आवर्जून सांगत. झोपेचे कारण झोपणाऱ्याच्याच मनात आहे, आणि ज्याला आयोगाने 'नुसती कल्पना' म्हणून बाजूला सारले तिचाच अभ्यास करायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. त्यांची टिंगल झाली. आपले म्हणणे मांडणारा त्यांचा ग्रंथ १८१९ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी ते वारले. आज ज्या नावाने आपण ही विद्या ओळखतो ते हिप्नॉटिझम हे इंग्रजी नाव स्कॉटिश डॉक्टर जेम्स ब्रेड यांनी १८४०च्या दशकात रूढ केले.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला फारियांचा पुतळा आहे, १९४५ सालचा. शिल्प म्हणून तो अप्रतिम आहे. खाली कोसळणारी स्त्री आणि तिच्यावर पसरलेले फारियांचे हात पाहून येणारा-जाणारा थबकतो. पण त्याला वाटते की त्या बोटांतून काहीतरी शक्ती बाहेर पडते आहे. फारियांनी आयुष्य घालवले ते नेमके हे खोडून काढण्यात. पुतळ्याने सगळे सांगावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. ते काम शाळेचे आणि प्रश्नाचे आहे. 'संमोहनशास्त्राचा जनक कोण' असे विचारून आपण मुलांना पुतळ्यापाशी सोडून देतो. 'झोप कशामुळे येते असे मेस्मर म्हणत आणि कशामुळे येते असे फारिया म्हणत' असे विचारले तर मुले फारियांपर्यंत पोचतात. या प्रश्नालाही तीस सेकंदच लागतात.

नुसत्या नावाच्या अभिमानाचा एक धोका आहे, आणि तो मराठी वाचकांना सांगायलाच हवा, कारण आपण त्याला सहज बळी पडतो. राईट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, हा मजकूर दरवर्षी आपल्या मोबाईलवर येतो आणि तिथून थेट प्रश्नसंचात शिरतो. अशा उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा मिळालेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा दाखला दिला जातो त्याची बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये बारकाईने तपासणी केली. त्या वर्णनाप्रमाणे बनवलेली याने उडू शकणार नाहीत आणि तो ग्रंथही विसाव्या शतकातला आहे, असे त्यांनी दाखवले. तळपदे हे हौशी, धडपडे गृहस्थ होते, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण ज्या मुलाला 'पुरावा काय?' असे कधी विचारलेच गेले नाही, त्याला राईट आणि तळपदे ही दोन नावे सारखीच वाटणार, आणि त्यातले आपले नाव तो निवडणार. त्यात त्या मुलाचा काय दोष?

पुरावा मागायचा कसा आणि द्यायचा कसा हे शिकवणारी खरीखुरी घटना आपल्या जवळच्या माणसाच्या हातून घडलेली आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरून येण्यावर पेटंट दिले गेले. माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने आव्हान दिले. आमची आजी हळद लावायची, एवढे म्हणून ते चालले नसते. हा उपयोग पेटंटच्या आधीपासून लोकांना माहीत होता याचे लेखी, छापील दाखले पुढे ठेवावे लागले. जुने ग्रंथ तर होतेच, १९५३ मधला वैद्यकीय नियतकालिकातला निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. याच घटनेवरचा प्रश्न म्हणून 'हळदीची लढाई कोणी जिंकली' असे विचारणे म्हणजे ती सारी मेहनत वाया घालवणे. कशाच्या जोरावर जिंकली, हे विचारा.

या सगळ्याहून मला जास्त खुपते ती गोष्ट वेगळीच आहे. नावावर बेतलेल्या प्रश्नात ज्या शोधाला नाव नाही तो कधी येऊच शकत नाही. आणि गोव्याच्या भूमीवरचा सर्वांत मोठा शोध निनावी आहे.

खाजन म्हणजे काय हे दिवाडी, चोडण, कुंभारजुवेच्या लोकांना सांगायची गरज नाही, पण त्यांच्या नातवंडांना आता असावी. मांडवी-जुवारीच्या खाऱ्या पाण्यात भरती-ओहोटीच्या पट्ट्यात असलेली जमीन बांध घालून वेगळी करायची, चिखल, पेंढा आणि दगडांचा तो बांध दरवर्षी राखायचा, आणि पाण्याची ये-जा मानशीच्या, म्हणजे बांधात बसवलेल्या झडपेच्या, दारांतून होऊ द्यायची. या दारांची करामत अशी की रोजच्या भरती-ओहोटीला त्यांना चालवायला माणूस लागत नाही. भरती आली की बाहेरच्या पाण्याचा दाब दार लावून घेतो. ओहोटीला आतले पाणी वर राहते, दार बाहेर ढकलते आणि जादा पाणी निघून जाते. आत पावसाळ्यात खाऱ्या मातीला दाद न देणारे कोरगुट भात, नंतर मासळी, कुठे मिठागरे. भाताला खारे पाणी आत यायला नको आणि मासळीला यायला हवे, म्हणून दारे केव्हा उघडायची-मिटायची याचे गावकरीचे, म्हणजे गावाच्या सामायिक संस्थेचे, नियम. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालत आले आहे, आणि गोव्यातली सुमारे १८ हजार हेक्टर जमीन या पद्धतीखाली आली होती.

यात जलशास्त्र आहे, मातीचे शास्त्र आहे, बियाण्याची निवड आहे आणि सामायिक मालमत्ता कशी सांभाळायची याचे शहाणपण आहे. पण कोणी लावला? उत्तर नाही. मग प्रश्नही नाही. बांध फुटून खाजने बुडत असताना, मानशी मोडकळीला येत असताना, आपली मुले वाफेच्या इंजिनाला कोणाचे नाव जोडायचे ते पाठ करत आहेत (आणि तिथेही जेम्स वॅटच्या अर्धशतक आधी, १७१२ मध्ये, न्यूकमनचे इंजिन खाणीतले पाणी उपसत होते, हे त्यांना कोणी सांगत नाही). खाजनात काय अक्कल गुंतली आहे हे ज्याला कळले, तो मोठा होऊन ग्रामसभेत बांधाच्या दुरुस्तीविषयी बोलेल. मला नागरिक म्हणून ते हवे आहे.

नावाच्या प्रश्नात हरवणारी दुसरी मंडळी म्हणजे ज्यांची नावे होती पण मुख्य नावाखाली झाकली गेली ती. पणजीतल्या चर्चसमोरच्या उद्यानाला गार्सिया द ओर्ता यांचे नाव आहे. १५३४ मध्ये गोव्यात आलेला हा वैद्य. इथल्या औषधींवरचा त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. भारतातला पहिला छापखाना इथे सुरू होऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. ग्रंथातला एक काल्पनिक विद्वान ग्रीक आचार्यांची वचने पुढे करतो आणि ओर्ता त्याला इथे स्वतः पाहिलेले सांगतात. मोठ्या नावांची भीती मला घालू नका, मला जे खरे असल्याचे ठाऊक आहे तेच मी बोलणार, असा त्यांचा सूर आहे. पण हे सगळे त्यांना कळले कोणाकडून? ग्रंथातच मालुपा नावाच्या हिंदू वैद्याचा उल्लेख येतो, झाडपाला आणून दाखवणारी आंतोनिया ही दासी येते. ओर्तांनी स्वतः ती नावे लिहून ठेवली. प्रश्न काढताना आपणच ती गाळतो. आणि ज्यू वंशाच्या या माणसाची हाडे त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, धर्मन्यायालयाने उकरून जाळली, हेही गाळतो.

रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. डास गोळा करणारा, वाढवणारा मोहम्मद बक्ष कुठे विचारला जातो? प्रत्येक डासामागे एक आणा घेऊन स्वतःला चावून घेणारा रोगी हुसेन खान? 'विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय महिला' म्हणून कमला सोहोनी यांचे नाव मुले सांगतात. पण १९३३ मध्ये बाई म्हणून त्यांना बंगळुरूच्या संस्थेत नाकारणारे संचालक खुद्द सी. व्ही. रामन होते, आणि कमलाबाईंनी हटून प्रवेश मिळवला, हे माहीत नसते. ज्या रामनांच्या शोधासाठी आपण २८ फेब्रुवारी साजरी करतो, त्यांच्याविषयी हे सांगितल्याने विज्ञानाचा मान कमी होत नाही. मोठे शास्त्रज्ञही माणसेच असतात आणि चुकतात, हे मुलींना लवकर कळलेले बरे.

करायला काय हवे ते अवघड नाही. प्रत्येक तालुक्यातल्या चार-पाच विज्ञानशिक्षकांनी वर्षभरात पंचवीस-तीस चांगले प्रश्न तयार करावेत. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला ध्रुवीय संशोधनाचे केंद्र आहे, मिरामारला विज्ञान केंद्र आहे. तिथल्या माणसांकडून ते तपासून घ्यावेत आणि मराठीत व कोकणीत छापून सगळ्या शाळांना द्यावेत. प्रश्न असे असावेत. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली, ती डिसेंबरातच का? कारण तेव्हा तिकडे उन्हाळा असतो आणि समुद्रावरचे बर्फ मागे हटलेले असते. भरतीला मानशीचे दार कोणत्या बाजूच्या पाण्याने लागते? बाहेरच्या. डॉ. व्हिएगस यांनी १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात कोणता रोग ओळखला, आणि त्यावरची लस हाफकिन यांनी आधी कोणाला टोचली? प्लेग, आणि स्वतःला. जनुकीय नकाशे काढण्याच्या कोसंबींच्या १९४४च्या सूत्रात गुणसूत्राच्या कोणत्या सवयीचा हिशेब धरला आहे, जो आधीच्या सूत्रात नव्हता? एका ठिकाणी अदलाबदल झाली की जवळच दुसरी होण्याचा संभव घटतो, या सवयीचा. हा शेवटचा प्रश्न बारावीच्या मुलांसाठी, आणि तो विचारलाच पाहिजे. भातासारख्या पिकांचे जनुकीय नकाशे काढताना आजही ते सूत्र वापरतात, आणि कोसंबी म्हणजे फक्त इतिहासकार असे समजणाऱ्या गोव्याला ते कळायला हवे.

प्रत्येक उत्तरपत्रिकेवर उत्तराखाली दोन ओळी असाव्यात आणि निवेदकाने त्या वाचूनच पुढे जावे. गुण कोणालाही मिळोत, गोष्ट सभागृहातल्या सगळ्यांना मिळावी. नावांची एक फेरी खुशाल ठेवा, झटपट उत्तरांची, तिच्यात मजा असते. पण शेवटची फेरी हरकतीची असावी. त्या दिवशी दिलेल्या कोणत्याही उत्तरावर मुलांनी पुराव्यासह हरकत घ्यावी, परीक्षकांनी ती तिथेच ऐकावी. खरी ठरली तर त्या गटाला त्या दिवसातले सर्वांत जास्त गुण द्यावेत आणि पुढच्या वर्षीच्या संचात तो प्रश्न दुरुस्त करून छापावा.